नवी कोरी विमानं इंजिनाविना उभी का?

खिडकीवाला

धावपट्टीकडे जाताना कडेला उभी असलेली विमानं न्याहाळायची मला जुनी खोड आहे. गेली दोन-तीन वर्षं एक प्रकार सारखा दिसतो. रंग ताजा, अंगावर ठळक ‘निओ’ (एअरबसच्या ए३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती) लिहिलेलं, म्हणजे विमान काही म्हातारं नाही. पण पंखाखाली इंजिनाच्या जागी नुसता पायलॉन (इंजिन टांगायचा खांब) आणि त्याला टांगलेलं पिवळं वजन. नळ्यांची, झडपांची तोंडं लाल कापडाने बांधलेली. आणि त्यांच्याच शेजारून वीस वर्षांची जुनी ए३२० खुशाल उडून जातात.

शोधलं तर सगळीकडे ‘इंजिनांचा तुटवडा’ एवढंच सापडतं. माझा प्रश्न साधा आहे. ही इंजिनं १५ टक्के इंधन वाचवतात म्हणून घेतली ना? मग ती इतक्या लवकर उतरवावी का लागतात? एखादा माल खराब निघाला म्हणून, की या इंजिनांची घडणच तशी आहे? कोणी आतलं माणूस असेल तर नीट सांगा, बातम्यांतलं नको.

टचडाउन

यात कोडं काही नाही. इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या धातूच्या भुकटीचा घोळ आहे. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या मूळ कंपनीने, आरटीएक्सने, जाहीर केलं की साधारण २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंत बनलेल्या, निओवर बसणाऱ्या जीटीएफ इंजिनांच्या काही डिस्कमध्ये अशुद्ध भुकटी गेली आहे. सप्टेंबरमध्ये आकडे आले: २०२३ ते २०२६ या काळात ६०० ते ७०० इंजिनं जादा उतरवावी लागणार आणि २०२४ ते २०२६ मध्ये सरासरी ३५० विमानं जमिनीवर राहणार. माल खराब निघाला, तपासून झाला की विषय संपला. बाकी इंजिन झकास आहे.

बोरस्कोप

टचडाउन, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धाच आहे. माझी नोकरी इंजिन शॉपमधली, त्यातही हॉट सेक्शनची, म्हणजे जिथे जाळ असतो तो भाग. इंजिनाच्या पोटात कॅमेऱ्याची नळी घालून पात्यांवरच्या भेगा शोधायच्या, म्हणून हे नाव घेतलंय. खिडकीवाल्यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि बातम्यांत त्यांची खिचडी झाली आहे.

आधी भुकटी. टर्बाइनची (मागे, जाळाच्या जोरावर फिरणाऱ्या चक्राची) पाती ज्या चकतीवर बसतात ती डिस्क निकेलच्या मिश्रधातूची असते. त्या मिश्रधातूत इतके घटक असतात की तो साध्या ओतकामाने थंड केला तर काही घटक एका जागी गोळा होतात आणि ताकद सगळीकडे सारखी राहत नाही. म्हणून वितळलेल्या धातूवर आर्गॉन वायूचा झोत मारून त्याची बारीक भुकटी करतात. एकेक कण क्षणात गोठतो, घटकांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. मग भुकटी चाळून, प्रचंड दाबाखाली तापवून तिचा घन गोळा करतात आणि त्यातून डिस्क घडवतात. तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे. पण त्या भुकटीत परका कण शिरला तर तो डिस्कच्या आत कायमचा बसतो आणि पुढे तिथूनच भेग सुरू होऊ शकते.

डिस्क म्हणजे थट्टा नाही. पातं तुटलं तर इंजिनाच्या कवचाने ते आत अडवायचं, हे प्रमाणपत्र मिळवतानाच सिद्ध करावं लागतं. डिस्क फुटली तर तिला अडवणारं कवच कोणी बनवू शकत नाही. मार्च २०२० मध्ये एका ए३२१ च्या व्ही२५०० इंजिनाची (तेही प्रॅटच्याच भागीदारीतलं) हाय प्रेशर टर्बाइनची डिस्क उड्डाण सुरू होताना फुटली, आणि या सगळ्या तपासाचं मूळ तिथे आहे. ध्वनिलहरींनी डिस्क तपासायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तिथपर्यंत पोचायला. डिस्क गाभ्याच्या अगदी मध्यभागी, म्हणजे पूर्ण इंजिन सुटं करा, तपासा, बदला, जुळवा, टेस्ट सेलवर चालवा. प्रॅटने स्वतःच पंखावरून उतरवून पुन्हा पंखावर चढेपर्यंत २५० ते ३०० दिवस सांगितले होते. त्यातला बराच काळ इंजिन मांडणीवर सुट्या भागांची वाट बघत पडून असतं, हे मी रोज बघते.

आता दुसरी गोष्ट, जिच्यावर कोणी बोलत नाही. समजा भुकटी शंभर टक्के शुद्ध असती. तरीही ही इंजिनं आमच्याकडे लवकरच आली असती. भुकटीच्या बातमीआधीही ती येतच होती: २०१८ मध्ये कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) मागच्या सीलमुळे, नंतर लो प्रेशर टर्बाइनच्या पात्यांमुळे, शिवाय कम्बस्टरच्या (इंधन जळतं त्या भागाच्या) अस्तरामुळे. आणि प्रॅट एकटी नाही. स्पर्धक सीएफएम कंपनीच्या लीप इंजिनाची टर्बाइनची पातीही अपेक्षेपेक्षा लवकर झिजली. गरम, धुळीच्या हवेत तर फारच. रोल्स-रॉइसच्या ट्रेंट १००० मध्ये गंधकयुक्त क्षारांनी पाती कुरतडली आणि २०१८ च्या सुमाराला डझनावारी बोइंग ७८७ विमानं उभी राहिली. तीन कंपन्या, तीन वेगळ्या रचना, दुखणं मात्र एकाच मोहल्ल्यात. त्याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही.

इंधन वाचवायचे मार्ग मुळात दोनच. एक, पुढचा पंखा मोठा करा आणि जास्त हवा सावकाश मागे ढकला. जुन्या ए३२० वरच्या सीएफएम५६-५बी इंजिनाचा पंखा ६८ इंचांचा, लीप-१ए चा ७८, जीटीएफचा ८१. गाभ्याबाहेरून जाणारी हवा आतून जाणाऱ्या हवेच्या साडेपाच-सहा पट होती, ती जीटीएफमध्ये बारा पटींवर गेली. हा फायदा जवळजवळ निखळ आहे. त्यासाठी प्रॅटने पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअरबॉक्स बसवला, म्हणजे टर्बाइन जोरात फिरते आणि पंखा तिच्या साधारण एक तृतीयांश वेगाने. सगळ्या उद्योगाला धास्ती त्या गिअरबॉक्सची होती. गंमत म्हणजे तोच निमूटपणे काम करतोय.

दुसरा मार्ग गाभा लहान करा, दाब वाढवा, आणि आतला जाळ जास्त गरम करा. इथे किंमत मोजावी लागते. टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षा गरम असतो. पाती टिकतात ती आतून खेळवलेल्या हवेमुळे, अंगावरच्या केसाएवढ्या भोकांतून निघणाऱ्या हवेच्या पडद्यामुळे आणि वरच्या सिरॅमिक लेपामुळे. पण ही ‘थंड’ हवा येते कॉम्प्रेसरमधून. जितका दाब वाढवाल तितकी तीही तापते, टेकऑफच्या वेळी सहाशे अंशांच्या पुढे. म्हणजे जाळ वाढला आणि विझवायचं पाणीही उकळायला लागलं. जुन्या इंजिनांत या दोन्हींच्या मध्ये ऐसपैस जागा होती, चुका पोटात घालायची. नव्यांत तीच जागा इंधनाच्या टक्क्यांत विकून टाकली आहे.

त्यात धूळ. वाळू-मातीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका बाराशे अंशांच्या आसपास वितळून काच होतात. ती काच लेपात झिरपते, इंजिन थंड झालं की कडक होते, आणि पुढच्या फेऱ्यांत लेप पोपडे धरून निघतो. भोकंही बुजतात. मग उघडा धातू आणि जाळ समोरासमोर. जुन्या इंजिनातही धूळ जायची, पण तिथला जाळ तिला इतकं वितळवण्याएवढा नसायचा. कॅमेऱ्यातून असं पातं दिसलं की कडा चावून खाल्ल्यासारखी दिसते.

त्यामुळे टचडाउन, भुकटीचा विषय संपेल, हे मान्य. रांग संपणार नाही.

हिशेबनीस

बोरस्कोपताईंनी यंत्राची बाजू सांगितली, मी पैशाची सांगतो. विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यात आहे.

विमान कंपनीचं विमान इंजिनाविना उभं असलं तरी भाडं थांबत नाही. करारात साफ लिहिलेलं असतं की काहीही होवो, महिन्याचं भाडं द्यायचं. इंजिनवाला भरपाई देतो, पण ती बहुतेकदा पुढच्या बिलात वळती होते. रोखीची चणचण असलेल्या कंपनीला त्याचा काय उपयोग? मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा थेट या इंजिनांकडे बोट दाखवलं. प्रॅटने ते अमान्य केलं. कोणाचं किती खरं यावर मी बोलणार नाही, पण मोठ्या कंपन्यांनाही हा मार सोसवत नव्हता. विझ एअरची एका वेळी चाळीसच्या वर विमानं उभी होती.

आता यातला उफराटा भाग. २०२५ मध्ये सहा-सात वर्षांची निओ विमानं मोडीत काढायला सुरुवात झाली. पंचवीस वर्षं उडायला बनवलेली विमानं! कारण दोन चालू इंजिनं सुटी भाड्याने दिली तर अख्ख्या विमानापेक्षा जास्त मिळतात. इंजिनाला मागणी, विमानाच्या सांगाड्याला नाही. त्याच वेळी एअरबसच्या कारखान्याबाहेर २०२५ च्या मध्याला साठ विमानं तयार होऊन इंजिनाची वाट बघत होती. आतल्या लोकांनी त्यांचं नाव ‘ग्लायडर’ ठेवलं. म्हणजे एकीकडे इंजिनाविना नवी विमानं साठत होती, दुसरीकडे इंजिनासाठी तरणी विमानं कापली जात होती.

म्हणून खिडकीवाल्यांना दिसणारी ती वीस वर्षांची विमानं उडतायत. त्यांची सीएफएम५६ इंजिनं एकेकाळी भंगाराच्या भावाने बघितली जायची, आज त्यांच्यावर उड्या पडतात. आयाटाने (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने) डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की जगातल्या विमानांचं सरासरी वय १४.८ वर्षांवर गेलंय, तोवरचं सर्वात जास्त, आणि १७,००० विमानांच्या ऑर्डर अडकून आहेत. एरवी दरवर्षी दीड-दोन टक्क्यांनी सुधारणारी इंधनाची बचत २०२४ मध्ये जागेवरच थांबली. पंधरा टक्के वाचवणारं इंजिन शॉपमध्ये पडून असेल तर ते शून्य टक्के वाचवतं, एवढाच हिशेब आहे.

खिडकीवाला

बापरे, एवढं असेल असं वाटलं नव्हतं. दोघांचेही आभार. अजून दोन शंका. मग जुनीच इंजिनं या निओंना बसवून का नाही उडवत? आणि दुसरी, जरा भीत भीत विचारतो: मी ज्यात बसतो ते विमान सुरक्षित आहे का? पंखाखाली कुठलं इंजिन आहे हे खिडकीतून ओळखता येतं का?

बोरस्कोप

जुनी इंजिनं बसत नाहीत. पायलॉन वेगळा, वजन वेगळं, हवा आणि तेलाच्या जोडण्या वेगळ्या, संगणकाशी बोलायची भाषा वेगळी. विमान आणि इंजिन या जोडीला मिळून प्रमाणपत्र असतं, सुट्या इंजिनाला असून भागत नाही. जुनं तर सोडाच, निओवर जीटीएफच्या जागी लीपसुद्धा चढत नाही. एकदा निवडलं की विमानाच्या जन्माची गाठ. तुम्ही बघितलेलं पिवळं वजनही त्यासाठीच असतं: पंख इंजिनाच्या भाराच्या हिशेबाने बांधलेला आणि विमानाचा तोलही तसाच, त्यामुळे ओझं काढून वाऱ्यात उभं ठेवणं बरं नाही.

सुरक्षिततेचं सरळ उत्तर: विमान उभं आहे ते तपासणीत नापास झाल्यामुळे किंवा तपासणीची मुदत आल्यामुळे. ज्याची चिंता करायची ते रांगेत उभं आहे, ज्यात तुम्ही बसता ते रांगेतून पार झालेलं आहे किंवा त्याची मुदत अजून आलेली नाही. हॉट सेक्शनची झीज सहसा अचानक घात करत नाही, ती आधी आकड्यात दिसते. आमच्याकडे ईजीटी मार्जिन म्हणतात. इंजिन झिजलं की तेवढ्याच ताकदीसाठी ते जास्त तापतं. टेकऑफला बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान मर्यादेपासून किती अंश खाली आहे, हे प्रत्येक उड्डाणाला नोंदलं जातं. नव्या इंजिनात हे अंतर भरपूर असतं, मग हळूहळू खाली येतं. पाण्याने किंवा फेसाने इंजिन धुतलं की थोडं परत मिळतं. अंतर संपलं की इंजिन उतरवायचं, वाद नाही. नव्या पिढीची तक्रार एवढीच की हा उतार फार तीव्र आहे. आणि डिस्कचा धोका मात्र असा आकड्यात दिसत नाही, म्हणूनच तिथे ‘बघू, चालवू’ म्हणायची सोय कोणी ठेवली नाही. डोळे मिटून उतरवा, असाच हुकूम आला.

(माझी आई विमानात बसते तेव्हा मी तिला इंजिनाचं नाव सांगत नाही. ती भलतेच प्रश्न विचारते.)

ओळखायचं म्हणाल तर शिडीने चढताना समोरून पंख्याची पाती मोजा. रुंद, काळसर, कडेला चकाकती धातूची पट्टी असलेली अठरा पाती म्हणजे लीप. ती कार्बनच्या धाग्यांची विणलेली असतात, कड टायटॅनियमची. वीस असतील तर जीटीएफ. अरुंद पात्यांची दाटी, मोजताच येणार नाहीत इतकी, तर जुनं सीएफएम५६-५बी, त्यात छत्तीस असतात. आणि सुरू व्हायला फार वेळ घेतला तरी दचकू नका. बंद केल्यावर उष्णता वर चढते, शाफ्टची वरची बाजू उशिरा थंड होते आणि शाफ्ट किंचित वाकतो. पेटवण्याआधी त्याला सावकाश फिरवून सरळ करावं लागतं. २०१६ च्या सुरुवातीला पहिलं विमान लुफ्थान्साकडे गेलं तेव्हा या सुरू होण्यालाच कित्येक मिनिटं लागायची, आता बरंच कमी झालंय.

टचडाउन

ठीक, रांग संपणार नाही हे पटलं. पण उपाय आलेत की. लीप-१ए साठी नवी टर्बाइनची पाती डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, जीटीएफ अ‍ॅडव्हान्टेजला (जीटीएफची सुधारित आवृत्ती) फेब्रुवारी २०२५ मध्ये एफएएचं, म्हणजे अमेरिकी विमान नियामकाचं, प्रमाणपत्र मिळालं. आणि पुढे सीएफएमचं राइज येतंय, कवच नसलेला उघडा पंखा, आणखी २० टक्के बचत. रोल्सच्या अल्ट्राफॅनचा पंखा तर १४० इंची. या सगळ्यावर तुमचं मत काय?

बोरस्कोप

नव्या पात्यांबद्दल मी खरंच आशावादी आहे. लीपच्या नव्या पात्यात थंड हवेच्या वाटा बदलल्या आहेत आणि धूळ मुद्दाम इंजिनात सोडून चाचण्या केल्या आहेत. इंधनाच्या नोझलमध्ये बंद केल्यावर उरलेलं इंधन भाजून कोळसा व्हायचं, त्यावर बंद इंजिनात उलटी हवा फिरवायची सोय आली आहे. प्रॅट आता अ‍ॅडव्हान्टेजमधले बरेचसे हॉट सेक्शनचे भाग जुन्या जीटीएफलाही बसवायला देणार आहे. आणि जाहिरातीकडे नीट बघा: दहा वर्षांपूर्वी पहिल्या ओळीत इंधनाचे टक्के असायचे, अ‍ॅडव्हान्टेजच्या जाहिरातीत ‘पंखावर दुप्पट काळ’ हे मोठ्या अक्षरात आहे. खरेदीदार शहाणे झालेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबईच्या एअर शोमध्ये एमिरेट्सच्या टिम क्लार्क यांनी ए३५०-१००० चं इंजिन आखाती हवेत पुरेसं टिकत नाही म्हणून ऑर्डर द्यायला चारचौघांत नकार दिला. असं उघड बोलणं या धंद्यात क्वचित होतं.

राइज २०२१ मध्ये जाहीर झालं, विमानावर यायचं उद्दिष्ट २०३० च्या दशकाच्या मध्याचं आहे. सगळे त्या उघड्या पंख्याबद्दल विचारतात: आवाज किती, पातं तुटलं तर काय. प्रश्न रास्त आहेत आणि प्रमाणपत्राच्या वेळी त्यांची उत्तरं द्यावीच लागतील. अल्ट्राफॅनचा गिअरबॉक्स ६४ मेगावॉट पेलतो, २०२३ मध्ये ते इंजिन पहिल्यांदा चालवलंही. ती कामगिरी मोठीच आहे. पण जीटीएफच्या वेळीही सगळे गिअरबॉक्सकडे बघत बसले आणि दुखणं निघालं मागे, जाळापाशी. राइजच्या २० टक्क्यांत थोडा वाटा पंख्याचा नसून आणखी लहान, आणखी गरम गाभ्याचा आहे. मला त्या पंख्याचं चित्र दाखवू नका. पहिल्या टर्बाइनचं पातं धुळीच्या हवेत पाच हजार फेऱ्या झाल्यावर कसं दिसतं त्याचा फोटो दाखवा, मग मत देते.